एकाच पातेल्यातला स्ट्यू

वसईहून एका आजींचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात राहतो, सून तिथे नर्स आहे. चार वर्षांनी सगळे नाताळला घरी येत आहेत. नऊ वर्षांच्या नातवाला दीड वर्षापूर्वी सिलिअ‍ॅक आजार असल्याचं निदान झालं. आजी लिहितात, "सूनबाईने फोनवर सांगितलं, आई, तुम्ही त्याच्यासाठी काही करू नका, त्याचं खाणं मी बरोबर आणते. मला रात्रभर झोप लागली नाही. आमच्या घरी नाताळच्या जेवणाला बीफ स्ट्यू असतोच, माझ्या सासूच्या हातचा तसाच मी करते. शेवटी दोन चमचे मैदा भाजून लावते आणि आमचा बाटली मसाला घालते. मैदा काढला तर चालेल ना? की त्याच्यासाठी वेगळ्या छोट्या पातेल्यात करू? थोडासा खाल्ला तर खरंच एवढं काही होतं का?"

मावशी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. हो, थोड्याशानेही होतं. सिलिअ‍ॅक म्हणजे पचायला जड जाणं नव्हे, आणि पुरळ उठणारी अ‍ॅलर्जीही नव्हे. गहू, जव आणि राय (ही मोहरी नव्हे, गव्हासारखंच युरोपातलं एक धान्य) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या मुलांचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग मूल कितीही जेवलं तरी अंगी लागत नाही, लोह कमी होतं, उंची खुंटते. यावर औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद ठेवणं हाच एक उपाय, आणि तो नीट पाळला तर आतडं भरून येतं. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिण्यासाठी आपल्याकडे आणि युरोपातही मर्यादा एकच आहे, किलोमागे 20 मिलिग्रॅम. यावरून हिशोब किती बारीक आहे ते लक्षात येईल. पावाचा चुरा पडलेला चमचा त्या पातेल्यात गेला, तर त्या मुलासाठी पातेलं गेलं.

आणखी एक गैरसमज आपल्याकडे फार आहे, की उकळलं म्हणजे सगळं मरतं. मरायला ते जंतू नाहीत. ग्लुटेन तीन तास शिजवलं तरी ग्लुटेनच राहतं. तळलं तरी तेच. आणि खाऊन लगेच उलटी झाली नाही म्हणजे चाललं, असंही नाही. काही मुलांना तासाभरात त्रास होतो, काहींना वरून काहीच दिसत नाही, पण आत इजा होतच असते.

हे सगळं तुमच्या सूनबाईला पाठ आहे. दीड वर्षं ती दुकानात उभी राहून प्रत्येक डब्याची मागची बाजू वाचते आहे. युरोपात घटकांच्या यादीत गहू, जव उठून दिसतील असे छापावेच लागतात, तेवढाच तिला आधार. कॉर्कमध्येही पबमधला बीफ स्ट्यू तिच्या मुलाला बहुतेक वेळा मिळत नसणार, कारण तिकडे त्यात काळी स्टाउट बिअर घालतात आणि ती जवाची असते. म्हणून ती "तुम्ही काही करू नका" म्हणाली. त्यात तुमच्या हाताला नाकारणं नव्हतं, मावशी. तिला भीती वाटते, आणि सासूला दहा सूचना द्यायचा संकोच वाटतो. तो संकोच तुम्ही मोडा.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. माझ्या बहिणीच्या मुलाला हा आजार आहे. तो पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आला तेव्हा मी घरातून कणीक, रवा, मैदा, सगळं हलवलं, आणि मोठ्या प्रेमाने त्याच्यासाठी कढी केली. फोडणीला हिंग घातला. बाजारातला हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं किंवा मैद्याचं. डबीवर तसं लिहिलेलंही होतं. मी वाचलं नव्हतं. पोरगं दोन दिवस पोट धरून पडून होतं आणि मला म्हणत होतं, "मावशी, तू रडू नकोस." तेव्हापासून मी डबी वाचल्याशिवाय काही उघडत नाही.

म्हणून आता तुमच्या बाटली मसाल्याबद्दल.

मैदा काढायचं तुमच्या लक्षात आलं, ते बरोबरच. पण खरा धोका मसाल्यात आहे. तुम्ही उन्हाळ्यात मसाला करता तेव्हा मिरच्या, धने, तीळ, खसखस यांच्याबरोबर गहू आणि चणे भाजून घालता ना? आपल्याकडच्या बहुतेक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळ ख्रिस्ती, आणि वसईच्या घरांत घालतात. गव्हाने मसाल्याला अंग येतं, रस्सा मिळून येतो. इतक्या वर्षांत तो मसाल्याचाच भाग झाला, म्हणून गहू म्हणून आठवतही नाही. माझं माहेर वसईचं, शेजारच्या अंगणात मडक्यात मसाला भाजला जायचा तो वास अजून नाकात आहे. पण त्या बाटलीतला चमचाभर मसाला तुमच्या नातवाला चालणार नाही. मैदा न लावताही नाही.

वेगळा मसाला करा. पाव किलोचाच करा, उन्हाळ्याची वाट बघायला नको. मिरच्या, धने, जिरे, तीळ, खसखस, मोहरी, मिरी, दालचिनी, लवंग, वेलची, हळकुंड, तुमच्या घरचं जे प्रमाण असेल तेच ठेवा. सगळं अख्खं आणा आणि ताटात पसरून निवडा, कारण धन्या-जिऱ्यात गव्हाचा दाणा सापडतो, मी काढला आहे. गव्हाच्या जागी तेवढेच तांदूळ धुऊन, वाळवून, लालसर भाजून घाला. चणे ठेवायचे तर तेही नीट निवडून घ्या. भाजायला चपातीचा तवा घेऊ नका, स्वच्छ घासलेली स्टीलची कढई घ्या. आणि कांडपाला पाठवू नका. तिथे आधी कुणाचा तरी गहू घातलेला मसाला कुटला गेलेला असतो. घरच्या मिक्सरवर करा, पण भांड्याच्या झाकणातली रबराची रिंग काढून धुवा. तिच्या खाचेत पीठ बसतं. शक्य असेल तर मिक्सरचं छोटं भांडं नवीनच घ्या, ते त्याच्यासाठी राहील.

वेगळ्या छोट्या पातेल्याचं विचारलंत. माझं मन विचाराल तर नको. तुम्हाला ते सोपं वाटतं, पण दोन पातेली शेजारी ठेवली की एक चमचा इकडून तिकडे जातोच. घरात वीस माणसं, कुणीतरी झाकण उघडून चव बघणार. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हा मुलगा शाळेत, वाढदिवसाला, विमानात, सगळीकडे आपल्या डब्यातलं खातो. माझा भाचा एका लग्नात पंगतीच्या टोकाला बसून आईने दिलेला डबा खात होता, तेव्हा वाढणारा त्याला ओलांडून पुढे गेला. त्या वेळचा त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. आजीच्या घरी तरी त्याला सगळ्यांच्या पातेल्यातलं वाढा. अख्खं मोठं पातेलंच बिनगव्हाचं करा. वीस माणसांना त्यात काही कमी वाटणार नाही, हे मी खात्रीने सांगते, कारण स्ट्यूला मैद्याची मुळात गरज नसते.

मैदा दोन कामं करतो. मांसाला लावून परतला तर तांबूस रंग आणतो, आणि रस्सा दाट करतो. दोन्ही कामं मांस स्वतः करू शकतं, फक्त तुकडा योग्य हवा. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे, त्यामुळे वसईत तुम्ही आणता ते बीफ म्हशीचं किंवा रेड्याचं. ते गडद असतं, त्यात चरबी कमी असते, आणि घाई केली तर चामट होतं. अंडरकट, म्हणजे पाठीकडचा मऊ तुकडा, मागू नका, तो स्ट्यूसाठी वाया जातो. पायाचं, नळीच्या भोवतालचं मांस मागा, नाहीतर मानेचं, पांढरे धागे आणि पडदे दिसणारं. ते पडदेच मंद आचेवर दोन-तीन तासांत विरघळतात आणि रस्सा ओठाला चिकटेल असा होतो. किलोभर मांसाबरोबर दोन-तीन नळ्या तोडून घ्या. मसाला लावून ठेवलेलं तयार मांस घेऊ नका, त्यात काय घातलंय ते कळत नाही.

किलोभर मांस सहा-सात जणांना पुरतं, त्या हिशोबाने वाढवा. दीड इंचाचे तुकडे करून आदल्या रात्री मीठ चोळून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी स्वच्छ फडक्याने एकेक तुकडा कोरडा करा. हे टाळू नका, ओलं मांस परतलं जात नाही, ते स्वतःच्या पाण्यात उकडतं. जाड बुडाच्या पातेल्यात तेल चांगलं तापवा आणि तुकडे थोडे थोडे घाला, एकमेकांना चिकटू देऊ नका. खालची बाजू तपकिरी होऊन आपोआप सुटेपर्यंत हलवू नका. किलोभराला चार घाणे लागतात. हातात वेळ ठेवा, स्ट्यूची सगळी चव इथे ठरते. मैदा न लावल्याने रंग उलट खोल येतो.

मांस काढून त्याच तेलात तीन मोठे कांदे, मग आलं-लसूण, दालचिनीचा तुकडा, पाच-सहा लवंगा, पंधरा मिरी, तमालपत्र. कांदा बदामी झाला की नवीन मसाल्याचे दोन चमचे आणि दोन टोमॅटो. बुडाला जे लागलेलं असतं ते दोन चमचे व्हिनेगर घालून खरवडून काढा. माडीचा घरगुती व्हिनेगर असेल तर तोच घ्या, त्याला गव्हाचा संबंध नाही. मॉल्ट व्हिनेगर मात्र जवाचा असतो, तो नको. मांस आणि नळ्या परत घाला, बुडतील इतकं गरम पाणी ओता, आणि झाकून मंद आचेवर अडीच-तीन तास ठेवा. कुकरमध्ये करायचं तर पहिल्या शिटीनंतर आच बारीक करून पस्तीस-चाळीस मिनिटं. रस्सा फदफदू देऊ नका, बुडबुडा हळूच वर यायला हवा.

बटाटे आणि गाजर मांस शिजल्यावरच घाला, आणि डिसेंबरचे ताजे मटार अगदी शेवटी. दाटपणासाठी शिजलेले दोन बटाटे कुस्करून मिसळा, नळीतला मगज हलवून रश्श्यात उतरवा. एवढं पुरतं. तरी पातळ वाटला तर दोन कप रश्श्याला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घाला आणि दोनच मिनिटं उकळा, जास्त उकळलं तर परत पातळ होतं. पुडा नवीन उघडा आणि त्यावर ग्लुटेनबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे घटकांच्या यादीखाली ‘कंटेन्स’ अशी ओळ असते, गहू असेल तर तिथे लिहावं लागतं. सुट्टा, पिशवीतला कॉर्नफ्लोअर नको. सूपच्या वड्या आणि सोया सॉस तर घरातच आणू नका. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो. नळ्यांचा रस्सा असताना वड्यांची गरजही नाही.

हा स्ट्यू दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. म्हणून 24 तारखेला सकाळी मांस शिजवून, निवल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा, आणि 25ला बटाटे-गाजर घालून पूर्ण करा. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर, चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, तुमची धावपळही होणार नाही.

आता घराबद्दल. नाताळच्या आठवड्यात तुमच्याकडे कुलकुल आणि करंज्या होणार. मैद्याची धूळ तासन्‌तास हवेत तरंगते आणि ओट्यावर, झाकणांवर, पुसायच्या फडक्यावर बसते. तो सगळा फराळ 20 तारखेच्या आत उरका, डबे घट्ट बंद करा, मग ओटा दोनदा ओल्या, स्वच्छ फडक्याने पुसा. स्ट्यूच्या दिवशी घरात पीठ उघडायचं नाही. लाकडी डाव नवीन घ्या, जुन्या लाकडाच्या भेगांत काय काय मुरलेलं असतं. चाळणीही नवीन. स्टीलची भांडी घासून चालतील. आणि घरातल्या मोठ्यांना आधी सांगून ठेवा की खपली गहूही गहूच, रवाही गहूच, दलियाही गहूच. "मैदा नाही घातला, रवा घातलाय" असं म्हणून कुणीतरी मायेने त्याच्या तोंडात काहीतरी भरवतं, हे मी पाहिलं आहे.

पावाचं काय, हा प्रश्न उरतो. पाव हवा त्यांनी खावा, पण तो दुसऱ्या टेबलावर, आणि पातेल्याजवळ कुणी पाव घेऊन यायचं नाही. नातवाला सगळ्यात आधी वाढा, मग पातेलं सगळ्यांसाठी उघडा. दुसऱ्यांदा हवं असेल म्हणून त्याच्यासाठी दोन वाट्या आधीच बाजूला झाकून ठेवा. त्याला तांदळाची भाकरी द्याल असं मनात आलं असेल, तर गिरणीतलं पीठ नको. जात्याच्या त्याच पाळ्यांवर आधी गहू दळलेला असतो. तांदूळ धुऊन वाळवून त्या नवीन मिक्सरच्या भांड्यात दळा आणि नवीन तव्यावर थापा. ते जमलं नाही तर गरम भात. स्ट्यूबरोबर भात मला तरी पावापेक्षा आवडतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. मुलाचं पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सात पवित्र भाकर घ्यायला सुरुवात करण्याचा विधी, झालेलं असेल, तर मिस्साचाही विचार करा. कम्युनियनची भाकर गव्हाचीच असावी लागते, पूर्णपणे ग्लुटेन नसलेली चर्चला मान्य नाही. 2017 साली व्हॅटिकनने हे पुन्हा स्पष्ट केलं. पण अगदी कमी ग्लुटेनची भाकर चालते, आणि फक्त द्राक्षारस घेऊनही कम्युनियन पूर्ण होतं. कॉर्कमध्ये ते काय करतात ते सूनबाईला विचारा, आणि तुमच्या फादरांशी आठवडाभर आधी बोलून ठेवा. ज्या प्याल्यात भाकरीचा तुकडा टाकला जातो तो त्याला चालणार नाही, वेगळा लागेल. ऐन वेळी रांगेत उभं राहून त्या मुलाला हे समजावत बसावं लागू नये.

मुख्य काम मात्र आजच करा. सूनबाईला फोन करा. आश्चर्याचा धक्का द्यायचं मनात असेल तर ते सोडून द्या, तिला त्याने आनंद होणार नाही, धडकीच भरेल. तिला म्हणा, "मला सगळ्यांसाठीच बिनगव्हाचा स्ट्यू करायचाय, मसाल्यातला गहू मी काढलाय, तू एकदा माझी यादी बघ." कॉर्नफ्लोअरच्या पुड्याचा, व्हिनेगरच्या बाटलीचा फोटो पाठवा. ती काही नाही म्हणाली तर का, हे विचारा आणि ऐका, वाद घालू नका. आली की 24 तारखेला तिला ओट्याशी बोलवा आणि तुमच्या शेजारी उभं राहून कांदा चिरू दे. तिने डोळ्यांनी पाहिलं की मगच तिचा जीव भांड्यात पडेल. एवढं करूनही ती त्या दिवशी मुलाला डब्यातलंच देईन म्हणाली, तर तसं होऊ द्या. पुढच्या जेवणाला बघू. आणि कधी चूक झालीच, कुणी चुकीचा चमचा घातला, तर लपवू नका, लगेच तिला सांगा.

मसाला पाव किलोच करा म्हटलं, पण तो स्ट्यूला सगळा लागणार नाही. उरलेला छोट्या स्वच्छ बाटलीत ठासून भरा, बूच घट्ट लावा, आणि चिठ्ठीवर मुलाचं नाव आणि "गहू नाही" एवढं लिहून चिकटवा. जाताना सूनबाईच्या बॅगेत द्या. कॉर्कच्या घरी तिलाही कधीतरी रविवारी हा स्ट्यू करता येईल, आणि शेवटी किती वेळ झाकून ठेवायचं ते विचारायला ती तुम्हालाच फोन करेल.